तिसरी टाच

डावी टाच दोनदा जमिनीवर आपटायची. तिसऱ्यांदा आपटायची नाही, उजव्या घोट्यावर घासायची; वरून खाली, मग पुन्हा वर, पुरे अडीच सेकंद. नाचात सर्वांत पुढे असलेल्या वेनिंगची टाच दोन सेकंदांतच खाली आली. मागच्या आठजणींनीही मुकाट आपापल्या टाचा तेवढ्यातच खाली आणल्या. पुढची चुकली की सगळ्यांनी तसंच चुकायचं, म्हणजे चूक दिसत नाही, हा राजवाड्याचा जुना दंडक.

"पुन्हा," रारास आजी म्हणाल्या.

आजींचं वय एक्याऐंशी. चौदाव्या वर्षी त्या या नाचात सर्वांत पुढे होत्या. तिसऱ्या टाचेला महाराज खुदकन हसले होते म्हणे. मग जपानी आले, नाच बंद पडला आणि नऊजणींपैकी आजी तेवढ्या उरल्या.

त्या टाचेचा अर्थ विचारायला मात्र माणसं येतच राहिली. युद्धानंतर परतलेला डच साहेब म्हणाला, हा आमच्या राणीला मुजरा. स्वातंत्र्यानंतरचा अधिकारी म्हणाला, छे, इथे डच चिरडलाय. कुटुंबनियोजनाच्या बाई तर टाळी वाजवून उठल्या, "दोन मुलं पुरेत, तिसरं नको!" आजींनी प्रत्येकाला चहा पाजला आणि "अगदी बरोबर ओळखलंत" म्हटलं.

आता हा नाच पुन्हा उभा करणारे विद्यापीठाचे डॉक्टर प्रतिक्तो समोर बसले होते. त्यांच्या पुस्तकात ती टाच म्हणजे आत्म्याचं पृथ्वीशी मीलन होती.

"आजी, उद्या संध्याकाळी प्रयोग," ते घड्याळ बघत म्हणाले. "हिला जमत नसेल तर ती टाच गाळू या. अर्थच पोचत नसेल तर ठेवायची कशाला?"

ते गेल्यावर वेनिंग रडवेली झाली. "आजी, मी आत्मा आणते मनात, पृथ्वी आणते. पण पाय मेला ऐकतच नाही."

"दोघांचं ओझं झालं असेल त्याला."

"थट्टा नका करू हो. टाच गेली तर माझ्यामुळे गेली म्हणतील."

वेनिंग गुलाबाच्या पाकळ्यांची टोपली घेऊन बसली. मागे लोळणाऱ्या वस्त्राच्या घडीत त्या भरायच्या, म्हणजे पायाने वस्त्र उडवलं की पाकळ्या उधळतात. ती एकेक पाकळी झटकून, फुंकून, निवडून ठेवत होती.

आजी तिच्या बोटांकडे बघत राहिल्या. सदुसष्ट वर्षं ओठांवर आलेलं त्यांनी चहाबरोबर गिळलं होतं. सांगितलं तर चार जणांची विद्वत्ता जाणार होती. न सांगितलं तर टाच.

त्यांनी टोपली हळूच स्वतःकडे ओढली.

"बाकीच्यांच्या निवड. तुझ्या पाकळ्या उद्या झाडाखालून उचलायच्या आणि तशाच भरायच्या. महाराज हसले त्या दिवशी माझ्या होत्या तशा, लाल मुंग्यांसकट."