माल वापसी

योगराजनं तिसरं खोकं उघडलं, पावडरचा डबा उजेडात धरून सील पाहिलं आणि डबा कानाशी नेऊन हलवला.

"हलवून काय पाहता?" शामकला म्हणाली. "नारळ नाही होय तो."

गोंदियात मोबाइलच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, मेंबर जोडून तेल-पावडर विकणाऱ्या साखळी कंपनीचं ऑफिस. योगराज तिथला क्लार्क. गोरेगावहून एसटीनं तीन खोकी आणताना शामकला कंडक्टरशी भांडली होती, मग जिन्याशी. आता योगराजची पाळी होती.

"माल तो ठीक है, मॅडम. पण कंपनी सोडून काऊन राहिल्या?"

"आठ महिने झाले. अर्ध्या गावानं तेल घेतलं ते माझ्या तोंडाकडं पाहून. आता मी दिसली का बाया 'लेकराले दूध पाजाचं राहिलं' म्हणून घरात पळतेत. जिचं लेकरू दहावीत आहे, ते बी!"

योगराज हसला. तिच्याकडे पाहिल्यावर ते हसू त्यानं मुकाट्यानं गिळलं.

"हसू नका. माझ्या पोरीच्या, रुचीच्या नर्सिंगची फी अडकली या खोक्यांत. सोमवारी भराची आहे."

"भेटतील पैसे. पण रूल आहे. वापस आलेल्या मालाचे पैसे कंपनी आपल्या खिशातून देत नाही. साखळीत तुमच्या वर ज्याचं नाव, त्या मेंबरकडून कापते. चालेल?"

"चालेल? त्याच्यासाठीच तर आली मी!"

तिला यात ओढलं ते धाकट्या जावेनं, ओमेश्वरीनं. एक अंगण, दोन चुली. तीच तिला लॉनमधल्या मिटिंगला घेऊन गेली होती. स्टेजवरच्या सरांपुढे फॉर्म भरताना कशी गोड झाली होती! "अगोदर बाईचं नाव लिहा, सर. मोठ्या जाऊ आहेत." लग्नपत्रिकेत छापतात तसं, मानानं. शामकला तेव्हा फुगली होती. आता त्या गोडव्याच्या आठवणीनं अंगाची लाही व्हायची.

आज सकाळी निघताना तिनं अंगणातूनच हाक मारली होती. "ओमेश्वरी, येतेस का माल वापस कराले?"

ओमेश्वरी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "मी नाही येत, बाई. माझा राहू द्या घरीच."

"काऊन? सोनं लागून राहिलं का तुले कंपनीचं?"

"तुमी जा ना. एसटी चुकेल."

राहू द्या म्हणे! माझ्या मालावर जिची कमाई चालू आहे, ती कायले सोडेल? एसटीत खोक्यांवर हात ठेवून शामकला वाटभर हेच चघळत आली होती. दोघींचं एकच दार असतं तर आज तिनं ते असं आपटलं असतं की जागेवर राहिलं नसतं.

"कापा," ती योगराजला म्हणाली. "एक रुपया सोडू नका. जाऊ आहे म्हणून दया कराची नाही. दुसऱ्याच्या पोरीच्या फीवर लय मजा मारली तिनं. लिहा, ओमेश्वरी."

योगराजची बोटं कीबोर्डवर थांबली. त्यानं स्क्रीन वरखाली करून पाहिली.

"ओमेश्वरी तुमच्या वर नाही, मॅडम. तुमच्या वर ते मिटिंगवाले सर आहेत."

"असं कसं? तिनंच नेलं ना मले!"

"नेलं असेल. फॉर्मात ज्याचं नाव अगोदर, तो वर. ओमेश्वरीबाई परवा आल्या होत्या इथं. चार खोके घेऊन."

शामकला खुर्चीवरून ताडकन उठली. "परवा? म्हणजे माझ्या पाठीमागं, चोरून? आन् मले सांगते, राहू द्या घरीच! बाप्पा, काय बाई आहे! घेऊन गेली पैसे?"

"कुठं घेतले? फॉर्म भरला, सही बाकी होती. मी हाच रूल सांगितला. कोणाकडून कापणार म्हणून त्यांनी नाव विचारलं. नाव ऐकलं, फॉर्म फाडला, आन् चारही खोके एकेक करून खाली नेले."

"कोणाचं नाव?"

योगराजनं स्क्रीन तिच्याकडे फिरवली.

"तुमचं."