तीन खिळ्यांचं काम

लेक खाणीच्या कड्यावर अर्ध्यापर्यंत पोचली होती आणि बाप तिच्याकडे पाठ करून हेडमास्तरांच्या चपलेची टाच ठोकत होता.

पाठ करण्याची अट तिचीच. "वर बघत बसायचं नाही, बाबा. तुमचं तोंड बघितलं की मलाच वाटायला लागतं, आपण पडणार." म्हणून बाप आपल्या बूटदुरुस्तीच्या दुकानात, रोजच्याच स्टुलावर, पण तोंड भिंतीकडे. रस्ता संपतो तिथे दगडाची बंद पडलेली खाण आहे; तिचा सहा मजली उभा कडा दुकानाच्या दारातून सरळ दिसतो. दारात हेडमास्तर एका पायात चप्पल घालून उभे होते. कुणी न सांगता समालोचनाचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं.

"दोर नाही, खिळा नाही, काही नाही," हेडमास्तर म्हणाले. "अहो, कपडे वाळत घालायलासुद्धा दोरी लागते."

"सांगून पाहिलं."

"मग?"

"म्हणाली, दोर असला की पाय आळशी होतात."

"वर्गातही अशीच उलट बोलायची. वळण म्हणून नाही. तुम्ही लाडावून ठेवलीत."

बापाने डबीतून आणखी एक खिळा उचलला.

"गुरुजी, दोराने चढणाऱ्यांचे बूट येतात माझ्याकडे. पुढून नुसते खरवडलेले. पाय घसरला तर घसरला, दोर आहेच. हिचा बूट बघा एकदा. अंगठ्याखाली तिळाएवढी जागा झिजते, बस्स. ठेवला तो ठेवला. एवढे तळ बसवले आजवर, असा स्वच्छ झिजलेला बूट नाही पाहिला."

आवाज जरा जास्तच चढला, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने खिळा ठोकला.

नवे तळ परवा त्यानेच घालून दिले होते. आधी तीन आठवडे "उद्या ये, उद्या ये" करून पाहिलं. या युक्तीने भलीभली गिऱ्हाइकं थकतात. लेक थकली नाही; भोकं पडलेलेच बूट घालून निघाली. तेव्हा बापाने मुकाट्याने रबर कापायला घेतलं.

हेडमास्तर एकदम गप्प झाले. ते गप्प झालेले शाळेनेही कधी पाहिले नव्हते.

"काय झालं?"

"थांबली."

"कुठे?"

"वरच्या काठापासून दोन हातांवर. एक पाय हवेत आहे."

"कुठला?"

"उजवा."

"म्हणजे डाव्यावर उभी आहे," बाप म्हणाला. "डावा चांगला बसलाय."

आणि तो ठोकत राहिला. रस्त्यात एक सायकलवाला एक पाय टेकून थांबला होता. समोरच्या न्हाव्याने वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालापासून वीतभर लांब धरला होता, आणि अर्ध्या दाढीचं ते गिऱ्हाईकही मान वळवून तिकडेच बघत होतं. सगळ्या रस्त्यात आवाज काय तो हातोडीचा. एक खिळा संपला की दुसरा.

"पोचली," हेडमास्तर म्हणाले आणि उंबऱ्यावरच बसले.

थोड्या वेळाने उठले, कोट झटकला आणि सायकलवाल्याला म्हणाले, "माझी विद्यार्थिनी. चार वर्षं हाताखाली होती माझ्या. पाया पक्का लागतो."

आता वळायला हरकत नव्हती. बाप वळला. कड्याच्या काठावर लेक पाय सोडून बसली होती. तोंड काही एवढ्या लांबून दिसत नव्हतं. दोन काळे ठिपके मात्र दिसत होते, शेजारी शेजारी, मजेत हलणारे. ते त्याने ओळखले.

हेडमास्तरांनी चप्पल हातात घेतली, उलटी करून पाहिली. तीन खिळ्यांचं काम. मास्तरकीच्या सवयीने त्यांनी बोट लावून मोजले. एकोणीस.

"अहो, एवढे?"

"असू द्या, गुरुजी," बाप म्हणाला. "बिनखिळ्याचं सगळ्यांनाच जमत नाही."