दोष ओव्हनचा

आईने ओव्हनचं दार उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं.

लेकीला वासावरूनच कळलं. केक आजही करपला होता. वरून काळाठिक्कर, आणि सुरी घातली की आत कच्चं पीठ.

"मी सगळं नीट केलं होतं गं," आई म्हणाली. "पुस्तकात लिहिलंय तसा एकशे ऐंशीवर लावला. नेहमी लावते तसाच."

आईचा केक बिघडू शकतो हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून तिने सगळी नोकरी केली. अर्ध्या गावाचे नंबर तिला तोंडपाठ असायचे. इमारतीतल्या प्रत्येक पोराच्या वाढदिवसाला केक तिच्याच हातचा. आणि गेल्या महिन्याभरात तिचा एकही केक धड उतरला नव्हता.

दोघींच्या मनात एकच माणूस होतं, आणि दोघीही त्याचं नाव काढत नव्हत्या. आजीचं असंच सुरू झालं होतं. आधी भाजीत दोनदा मीठ, मग गॅसवर रिकामं पातेलं. शेवटी शेवटी ती मागच्या खोलीत खिडकीशी बसून असायची आणि आत येईल त्याला विचारायची, "हे घर कुणाचं हो?" पोटच्या मुलीलासुद्धा. आईने तिचं सगळं केलं, अगदी शेवटपर्यंत. आजीला जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या खोलीचं दार आई अजूनही ओढूनच ठेवते. परवा ती हसत हसत म्हणाली होती, "स्वयंपाकघरात एकटी असले ना, की मागून कुणीतरी तेच विचारतंय असं वाटतं." लेकीला काही हसू आलं नव्हतं.

मेकॅनिकला तिनेच बोलावलं. ओव्हनमध्ये काही निघेल अशी आशा नव्हती. पण दुसऱ्या कुणाला बोलावण्याआधी तिला तेवढीच एक पळवाट दिसत होती.

मेकॅनिक पोट सुटलेला, बोलका माणूस होता. त्याने मधल्या जाळीवर एक वायर ठेवली, दार लावलं आणि वायरच्या टोकाचा मीटर ओट्यावर मांडला. ओव्हनचं बटण एकशे ऐंशीवर.

"लगेच आकडा धरायचा नाही, काकू. हा तापतो, थांबतो, निवतो, परत तापतो. थोडं खाली-वर सगळ्यांच्याच घरी होतं. दोन-चार फेऱ्या होऊ द्यायच्या आणि मधला आकडा बघायचा."

आई स्टुलावर बसून राहिली. तपासणीला आलेल्या पेशंटसारखी, हात मांडीवर घेऊन. मीटरचा आकडा चढत होता. एकशे ऐंशी झाले. तो थांबला नाही. दोनशे. दोनशे वीस. मग टक् करून आवाज आला, आकडा उतरला आणि काही वेळाने पुन्हा चढू लागला.

"दोनशे दहा धरा," मेकॅनिक म्हणाला. "तुम्ही लावताय एकशे ऐंशी आणि हा तीस डिग्री जास्त तापतोय. करपणार नाही तर काय होणार?"

"म्हणजे माझं काही चुकत नव्हतं?"

"तुमचं काय चुकणार? थापा मारतोय तो हा!"

आई उठली आणि तिने ओव्हनला वरून एक चापट मारली. मग खळखळून हसली. लेकीने तिला घट्ट धरलं. महिनाभर छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलून नेलं होतं.

"मेल्याने जीव घेतला माझा," आई पदराने डोळे टिपत म्हणाली. "थांब, तुझ्या मामाला फोन करते. तोही घाबरलाय बिचारा." आणि ती बाहेर गेली.

मेकॅनिकने बटण उपसलं, मागची दांडी निरखली आणि ते परत बसवलं.

"कधीपासून म्हणालात?"

"महिना झाला असेल."

"छे हो, ताई. हा बिघाड नाहीच. ही दांडी बसवतानाच तिरकी बसलीय. आतले स्क्रू तर कुणी कधी फिरवलेलेसुद्धा नाहीत. घरात आला त्या दिवसापासून हा असाच तापत असणार."

"असं कसं होईल? मी शाळेत असल्यापासून आई यात केक करते. एकही कधी करपला नाही."

"मग त्यांना माहीत असणार की! हे बघा ना."

त्याने पेचकसाचं टोक टेकवलं. बटणाभोवती आकडे होते, आणि एकशे पन्नासपाशी नेलपॉलिशचा एक बारीक लाल ठिपका. लेकीने आयुष्यात कधी केक केला नव्हता. ते बटण इतक्या जवळून ती आज पहिल्यांदाच बघत होती.

मेकॅनिकने बटण ठिपक्यावर आणलं, दार उघडून ओव्हन निवू दिला आणि पुन्हा लावलं. आकडा उतरला, चढला, परत उतरला आणि एकशे ऐंशीच्या आजूबाजूला घुटमळत राहिला.

"अगदी नेमका! काकूंनी करून करून शोधून काढलेला दिसतोय. इतकी वर्षं ठिपक्यावरच लावत असणार त्या."

लेकीने घाईने दाराकडे पाहिलं. त्याला काहीतरी सांगायला हवं होतं, गप्प करायला हवं होतं. पण तेवढ्यात आई आत आली. हातात फोन, चेहरा उजळलेला.

"काकू, मानलं तुम्हाला," मेकॅनिक म्हणाला. "हा ठिपका तुमचाच ना?"

आई वाकली. चष्मा सारखा करून बराच वेळ बघत राहिली.

"अगंबाई, हे काय लागलंय इथे?" ती म्हणाली, आणि नखाने ठिपका खरवडू लागली.