रविवारी नऊचं पत्र

"बाईचा आवाज ठेवा. पुरुषाचा नको," काका म्हणाले.

संगणकात मराठी वाचून दाखवणारे दोनच आवाज होते. सेटिंगवालीनं बाईचा निवडला.

"ऐका! चाळीस वर्षं माझं एक ऐकलं नाही, आणि आता बाईचा आवाज हवाय म्हणे," काकू दारातून म्हणाल्या.

काका हसले नाहीत. काचबिंदूनं त्यांची उरलीसुरली नजर महिन्यापूर्वी गेली होती आणि तेव्हापासून हा गृहस्थ भिंतीकडे तोंड करून पडून होता. आज अंघोळ करून, शर्टाची बटणं वरखाली लावून का होईना, खुर्चीत येऊन बसला होता, हेच पुष्कळ झालं.

सेटिंगवाली हे काही तिचं खरं नाव नव्हे. दिसत नाही, हात चालत नाही अशा माणसांना संगणक वापरता येईल असा करून द्यायचा, हे तिचं काम. घरोघरची म्हातारी माणसं तिला याच नावानं हाक मारत. इथून फोन काकूंनी केला होता. "वाचून काय, मी दाखवीन हो," त्या म्हणाल्या होत्या, "पण त्यांना लिहिता आलं पाहिजे. तेवढं करा." बहुतेक घरांतून उलटंच सांगतात. तिनं तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही.

तिनं काकांची बोटं धरून कीबोर्डवर टेकवली. "या दोन बटणांवर बारीक उंचवटे लागतात का? मग हात बरोबर जागेवर आहेत." दाबलेलं प्रत्येक बटण संगणक बोलून दाखवेल, असं तिनं केलं. थरथरतं बोट रेंगाळलं तर अक्षर दोनदा उमटू नये, याचीही सोय केली. काका कचेरीत तीस वर्षं टायपिस्ट होते. बोटांना रस्ता पाठ होता, धीर तेवढा सुटला होता.

"आणि आमच्या बंड्याचं पत्र कुठे अडकलंय का बघा," काकू म्हणाल्या. "जहाजावर असतो. फोन लागत नाही तिथे. दर रविवारी नऊला त्याचा ई-मेल येतो, मी मोठ्यानं वाचते. चार रविवार झाले, काही नाही. घास उतरत नाही हो घशाखाली."

"खरंच जेवत नाही ही," काका पुटपुटले. "नुसत्या चहावर आहे. हृदयाचं ऑपरेशन झालेली बाई."

सेटिंगवालीनं काकूंचं खातं उघडून सगळे कोपरे धुंडाळले. पत्र नव्हतं. मेल्याला आईला दोन ओळी लिहायला काय होतं, असं तिच्या मनात आलं. तिला त्या बंड्याचा रागच आला.

काकू चहा ठेवायला आत गेल्या.

"दार लोटा जरा," काका म्हणाले. "यातलं बाहेर ऐकू जाणार नाही ना?"

"नाही. इअरफोन लावायचा. शिकवताना तेवढी त्याची एक बाजू माझ्या कानात असेल."

"मग तुम्हाला कळेलच. करायचं काय?" त्यांनी एका दुसऱ्याच खात्याचं नाव सांगितलं. पासवर्ड तोंडपाठ होता. मग ते हळूहळू टाइप करू लागले आणि कानात त्या बाईचा सपाट आवाज एकेक शब्द वाचू लागला.

"आई, रागावू नकोस. इथला संगणक महिनाभर बंद होता. मी मजेत आहे. तू जेवतेस ना?"

सेटिंगवालीनं कानातला इअरफोन काढून त्यांच्याकडे पाहिलं.

"दोन वर्षं झाली," काका म्हणाले. "वादळात गेला. हातीसुद्धा लागला नाही. हिच्या छातीचे टाके तेव्हा ओले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का सोसायचा नाही. त्याच रात्री मी त्याच्या नावानं पहिलं पत्र लिहिलं. आता सांगू कुठल्या तोंडानं? आणि लिहिणं थांबलं की ही अशी उपाशी राहते." त्यांनी डोळे पुसले. "पुरुषाच्या आवाजात मला ते ऐकवलं नसतं हो."

तिला भडभडून आलं. हे बरोबर की चूक, ते सांगणारी ती कोण? तिनं नाक पुसलं आणि कामाचं बोलली. "पत्र आत्ता लिहून ठेवलं तरी रविवारी बरोबर नऊला आपोआप जाईल, असं करता येतं."

"म्हणजे मी तेव्हा तिच्या शेजारी बसलेला असेन?"

"हो."

"वा," काका म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा ते हसले. मग त्यांनी आधीचं एक वाक्य खोडलं आणि नवीन लिहायला घेतलं.

निघताना काकू फाटकापर्यंत आल्या. सेटिंगवालीला त्यांच्याकडे बघवेना.

"रविवारी येईल पत्र. तुम्ही जेवत जा मात्र," ती म्हणाली आणि जीभ चावली.

"आता जेवेन की. मी ताट बाजूला सारलं, तेव्हा कुठे ते भिंतीकडून या कुशीवर वळले." काकूंनी फाटकाची कडी धरून ठेवली होती. "नीट लिहिता येतंय ना त्यांना?"

"येतंय."

"बरं झालं बाई. तेवढ्यावरच तर जगतायत." काकूंनी मागे वळून खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "जहाज कंपनीचा फोन आला तेव्हा ते माझी औषधं आणायला गेले होते. तो मीच घेतला. त्यांना सांगणं माझ्याच्यानं होईना, म्हणून म्हटलं, संध्याकाळी परत करा, ते घरी असतील."