हातावरचा उजेड

मंगळवार पेठेतल्या आपल्या दुकानात मल्लेशनं डोक्याला बांधायच्या बॅटरीचा पाचवा खोका उघडला. गडमुडशिंगीहून आलेल्या महादेवीनं आधीच्या चार परत केल्या होत्या. एक जड होती, एकीचा पट्टा कानामागं रुतत होता आणि बाकी दोन्हींचा उजेड लांब जात होता.

"वैनी, लोकं लांब फोकस मारणारीच मागत्यात," मल्लेश वैतागून म्हणाला.

"मला माझ्या हातावर उजेड पायजे. आणि दोन्ही हात मोकळे ऱ्हायला पायजेत."

"धारा काढाय?"

"न्हाय. लाईट गेल्यावर पोरीला गोष्ट सांगाय."

"गोष्टीला उजेड कशाला? तोंड अंधारातबी चालतंय की."

महादेवीनं पाचवी बॅटरी कपाळावर बसवली, दिवा खाली वळवला आणि पायरीवर पाठमोऱ्या बसलेल्या मुलीच्या खांद्याला हात लावला. मुलगी वळली. उजेडात महादेवीची बोटं भराभर फिरू लागली. मुलगी हसली आणि तिचीही बोटं तशीच चालू झाली.

मल्लेशचा आवाज खाली आला. "काय म्हणती?"

"म्हणती, आता गोष्ट अर्धी ऱ्हायची न्हाय."

मुलीनं मल्लेशकडं बघून हनुवटीला बोटं लावली आणि तळवा त्याच्यापुढं आणला. ती आभार मानतेय, हे त्याला न सांगता कळलं. त्यानं दोन्ही हात उचलले आणि तसेच धरून उभा राहिला. दिवसभर गिऱ्हाइकांशी बडबडणाऱ्या त्या माणसाला 'असू दे बाळा' एवढंही हातानं म्हणता येत नव्हतं.