भुऱ्याच्या गुडघ्याची वाटी

उमाजीचा बैल आडवा पाडायचा तेवढा बाकी होता. पायांत दोर टाकून झाले होते, इस्तारीनं सुरी विस्तवावर धरून पुसून घेतली होती, आणि नेमकी तेव्हाच एक बाई डोक्यावर टोपलं घेऊन त्याच्या अंगणात येऊन उभी राहिली.

वैनगंगेच्या पल्याडच्या जंगलातली होती. नाव सुकरी. पहाटे निघालेली, ती विचारत विचारत आत्ता पोचली होती. भिंतीवर मागच्या निवडणुकीतली बैलजोडीची निशाणी अजून रंगवलेली दिसली, तेव्हा बैलांचे पाय नीट करणारा माणूस इथंच राहत असणार, असं तिनं धरलं. टोपल्यात एक कुत्रं होतं. मांजराएवढं, मातकट रंगाचं. भुऱ्या.

तिच्या गावच्या डोमाचा बैल खूर घासत चालायचा. इस्तारीनं त्याच्या गुडघ्याखाली एकदाच सुरी लावली आणि बैल खूर न घासता घरी आला; घरी येताना तो तिनं डोळ्यांनी पाहिला होता. तेवढंच याचं करून द्या, म्हणाली.

इस्तारीला घाई होती. ऊन चढलं की बैलाला आडवं ठेवणं जिवावर येतं. त्यात बघायला पाच-सहा माणसं जमली होती. तो चटकन कुत्र्यापुढं उकिडवा बसला. भुऱ्यानं दात दाखवले, तसं सुकरीनं त्याचं तोंड काखेत दाबून धरलं. मागचा डावा पाय भुऱ्यानं पोटाशी घेतला होता. इस्तारीनं गुडघ्यावरून बोट फिरवलं. चिंचोक्याएवढी वाटी जागेवर नव्हती, आतल्या अंगाला घसरली होती.

"काप ना भाऊ," उमाजी म्हणाला. "कुत्रं तं हाय."

माणसं हसली. सुरी हातात होतीच. एक चिरा दिला की बाई खूश होऊन वाटेला लागली असती, आणि इस्तारी कुत्र्यांचंही करतो असं गावभर झालं असतं. त्यानं गुडघ्यावरचे केस बाजूला सारले. सुरीचं टोक कातडीला टेकलंही. पण अंगठा पुन्हा वाटीवरून फिरला आणि तो थांबला. बैलाची वाटी वर अडकते. तिची शीर ताणलेल्या दोरीसारखी हाताला लागते. ती कापली की वाटी सुटते, पाय वाकतो. इथं ताणलेलं काही लागतच नव्हतं. सगळं सैल. आधीच सैल आहे ते कापून काय होणार होतं? सुरी त्यानं खाली ठेवली.

"बाई, मले हे येत नाई."

"बैलाचं येते, याचं काऊन नाई?"

त्यानं समजावून सांगितलं. चांद्याला ढोरांचा डॉक्टर आहे, त्याच्याकडं ने, असंही म्हणाला. पण त्याला तरी येईल की नाही, हे इस्तारीला ठाऊक नव्हतं. सुकरी जागची हलेना. उमाजीनं तिला हे सोडून एखादं दांडगं पिल्लू पाळायचा सल्ला दिला. तेव्हा ती त्याच्याकडं न बघताच बोलायला लागली. मोहफुलं गळायला लागलीत. उजाडायच्या आत ती एकटी वेचायला जाते. त्याच फुलांवर अस्वल येतं. याला वास आधी लागतो, हा भुंकतो, मग ती पळते. चार दिवसांमागं तसंच झालं. हा भुंकला, ती पळाली. हा तीन पायांवर मागंच राहिला.

"मंग?" इस्तारीनं विचारलं.

"मंग मी वापस गेली."

इस्तारीनं भुऱ्याचा पाय हळूच मागं ओढून सरळ केला. आतल्या अंगानं वाटीला अंगठा लावला आणि बाहेर ढकलली. टक्. भुऱ्या दचकला, मग त्यानं पाय जमिनीला लावला. चार पायांवर चार पावलं चालला, कोंबडी दिसताच तिच्यामागं उडी मारली, आणि पाय पुन्हा पोटाशी गेला.

"घसरली का, अशीच बसवाची," इस्तारी म्हणाला. "दुसरं मले काई माईत नाई."

उड्या मारू देऊ नको, अंगावर मांस चढू देऊ नको, असंही त्यानं सांगितलं. मांस म्हणताना भुऱ्याच्या फासळ्या दिसल्या आणि तो ओशाळला. मोह सरेपर्यंत याला घरीच बांध, म्हणाला. सुकरीनं नाही म्हणून मान हलवली. मग तिच्यासोबत कोण येणार?

ती मातीतच बसली. पहिल्या खेपेला वाकलेल्या पायावरच तिनं अंगठा दाबला. भुऱ्या केकाटला. आधी सरळ कर, इस्तारी म्हणाला. दुसऱ्या खेपेला वाटी बसली. भुऱ्या चार पावलं गेला की पाय उचलायचा, आणि ती त्याला पुन्हा मांडीवर ओढायची. ऊन अंगणात उतरलं. बैल दोरांत चुळबुळ करू लागला, उमाजी त्याहून जास्त. झालं ना बाई, शिकली ना, असं तो दोनदा म्हणाला. तिनं ऐकलं नाही.

मग तिनं भुऱ्याला मांडीवर घेतलं, पण पायाकडं पाहिलंच नाही. मान ताठ, नजर कुंपणाच्या फटीतून पलीकडं, जणू तिकडं अस्वल उभं होतं. तिथं नुसतं मोकळं रान होतं. श्वास अगदी बारीक. खाली हात आपला आपण चाचपत होता.

"तिकडं काय पाहून राह्यली?" उमाजीनं विचारलं.

अंगठा चुकला. पुन्हा चाचपू लागला. इस्तारीनं हात वर करून उमाजीला गप्प केलं आणि होता तिथंच उभा राहिला. त्याच्याकडं बघून बाकीची माणसंही, का ते न कळता, निश्चल झाली.

खाली टक् असा आवाज झाला. तरी कुणी हललं नाही.