उताराच्या तोंडाशी

फुटपाथमध्ये चौथं भोक पडत होतं तेव्हा सून साबणाच्या हातांनी तशीच बाहेर धावली.

"अहो, ही काय जागा झाली? डोळे आहेत की बटणं?"

मिस्त्रीने ड्रिल थांबवलं. शेजारी लोखंडी पेटी उभी होती, छातीएवढी उंच, कपाटाएवढी रुंद. ती बसणार होती घराच्या उताराच्या बरोबर तोंडाशी. त्या उतारावरून रोज सकाळी सासऱ्यांची चाकाची खुर्ची खाली यायची. कोपऱ्यापर्यंत जायचं आणि परत. त्यांचं बाहेरचं जग तेवढंच.

"खुणा साहेबांनी मारल्यात." मिस्त्रीने नकाशा उलगडला. "हे बघा, इथे उतारच नाही."

"नकाशात नाही म्हणून माझ्या दारातही नाही?"

"तक्रार करा ना ताई. पण आधी विचारतील, फुटपाथवर सिमेंट ओतायची परवानगी कुणी दिली? पेटी राहील तिथेच. उतार तेवढा फोडतील."

परवानगीचा अर्ज सुनेने तीनदा दिला होता. तिन्ही वेळा तो कुणाच्या तरी टेबलावर कुजला. मग एका रविवारी तिने सिमेंट आणलं आणि स्वतः थापी धरली.

मागे चाकं कुरकुरली. सासरे टोपी घालून तयार. उतरत उतरत ते पार खाली आले.

"टपालाची पेटी का रे?"

"हो आजोबा. गाडी यात पिशव्या टाकून जाणार. पोस्टमनने एकेक काढायची अन् वाटायची. सगळं ओझं खांद्यावर नको."

म्हाताऱ्याने पेटीवर हात फिरवला. "एकतीस वर्षं टपाल वाहिलं. गुडघे त्यातच गेले. ही पेटी द्या म्हणून किती अर्ज केले आम्ही! वरचे हसायचे."

"बाबा, कौतुक पुरे!" सून ओरडली. "तुम्ही बाहेर कसे पडणार ते बोला."

मिस्त्रीने पेटी भोकांवर बसवली. दार रस्त्याकडे.

"तिकडे नको रे," सासरे एकदम म्हणाले. "रस्त्यात उभं राहून पिशवी काढायची? एखादी गाडी उडवेल पोस्टमनला. दार इकडे कर."

"बाबा!"

मिस्त्रीने सुनेकडे पाहिलं. मग मान खाली घालून पेटी फिरवली, बोल्ट आवळले आणि दार उघडून बघितलं. अर्धंच उघडलं. खुर्चीच्या पायटेकूला अडलं.

सून जागची हलली नाही.

सासऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. दोन्ही चाकं धरली आणि इंचइंच करत उलटे चढाला लागले.

दार पुरतं उघडलं.